कोल्हापूरच्या कोर्टाजवळचं कायद्याच्या पुस्तकांचं दुकान: नवं विधेयक हातात हवं असेल तर

गडहिंग्लजला तहसील कचेरीजवळ माझं टेबल आहे. वारसनोंदीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, सातबाऱ्यावरच्या दुरुस्तीची कागदपत्रं, ही माझी रोजची कामं. विधिमंडळाचं अधिवेशन संपलं की पेपरातली कात्रणं घेऊन माणसं टेबलासमोर उभी राहतात. "ताई, पेपरात आलंय, तुकडेबंदी उठली. आता गुंठा घ्याला काय अडचण न्हाई न्हवं?" तुकडेबंदी म्हणजे जमिनीचे लहान तुकडे पाडून विकायला बंदी घालणारा कायदा. त्यांना उत्तर द्यायला बातमी पुरत नाही, कलम लागतं. ते कलम मला ज्या दुकानात मिळतं त्याबद्दल हे लिहिते आहे. पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा का कापला तेही पुढे सांगते.

दुकान कोल्हापुरात, भाऊसिंगजी रोडवरून सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या बाजूला आत जाणाऱ्या गल्लीत आहे. नाव लिहीत नाही, कारण मालकांनी तशी विनंती केली आहे. दुकानात ते आणि त्यांची सून, दोनच माणसं. फोनवर विचारपूस करणारे वाढले की समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला वेळ देता येत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरून रिक्षावाल्याला 'सर्किट बेंच' एवढंच सांगा. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथल्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालं आणि साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सहा जिल्ह्यांचे वकील इकडे येऊ लागले, तेव्हापासून ही गल्ली सगळ्यांना माहीत झाली आहे. दुकान तसं जुनंच. पण पूर्वी तिथं गर्दी नसायची, आता सकाळी दहा ते अकरा आत पाय ठेवायला जागा नसते.

कायद्याची पुस्तकं इतरही दुकानांत मिळतात. या दुकानाचं वेगळेपण असं की राज्याच्या विधिमंडळात नुकतंच मंजूर झालेलं विधेयक तिथं मूळ मराठीत, कागदावर, नीट लावलेलं मिळतं. सोबत ते सध्या कुठल्या टप्प्यावर आहे हेही लिहिलेलं असतं. हा टप्पा फार महत्त्वाचा असतो. मालकांनी, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो, त्यासाठी मुखपृष्ठाचे रंग ठरवले आहेत: अध्यादेश, म्हणजे अधिवेशन नसताना काढलेला तात्पुरता कायदा, असेल तर पिवळा कागद, विधेयक असेल तर पांढरा, आणि राज्यपालांची संमती मिळून राजपत्रात अधिनियम म्हणून आलं की हिरवा. मुखपृष्ठावर तारखांसाठी चार ओळी असतात. विधानसभेत मंजूर, विधान परिषदेत मंजूर, संमती, राजपत्रात प्रसिद्धी. जी तारीख अजून आलेली नाही तिथं रेघ तशीच मोकळी. मी टेबलावर तो कागद ठेवते आणि मोकळी रेघ बोटानं दाखवते. म्हाताऱ्या माणसालाही लगेच समजतं की काम अजून पुरं झालेलं नाही.

ज्यांनी दुरुस्ती विधेयक कधी हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नव्या विधेयकात नवा कायदा सलग लिहिलेला असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक विधेयकं जुन्या कायद्याच्या दुरुस्तीची असतात. त्यात फक्त एवढंच असतं की मुख्य अधिनियमाच्या अमुक कलमाच्या तमुक पोटकलमात या मजकुराऐवजी हा मजकूर दाखल करण्यात येईल, आणि दुसरं परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, वगळण्यात येईल. मूळ कायदा शेजारी उघडा नसेल तर यातून काहीही हाती लागत नाही. विधेयकाच्या शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं, ते मात्र कुणालाही वाचता येतं. दुरुस्ती का आणली ते सरकारनं तिथं साध्या परिच्छेदांत सांगितलेलं असतं. काका प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी ते पान उघडून देतात आणि म्हणतात, "हे इथं उभं राहून वाचा, मग विकत घ्यायचं की नाही ते ठरवा." बाकी कुठल्या दुकानात मला असं फुकट वाचू दिलेलं नाही.

आता त्यांचं खरं कसब. मुख्य कायद्याचं पुस्तक घेतलं तर त्यात आजपर्यंतच्या दुरुस्त्या लावून मिळतात. सूनबाई दुरुस्तीचा मजकूर टाइप करून अरुंद पट्ट्या काढतात आणि त्या त्या ओळीवर चिकटवतात, पण फक्त डाव्या कडेनं. पट्टी उचलली की खाली जुना मजकूर तसाच दिसतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, पूर्ण का चिकटवत नाही? त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडचा व्यवहार २०१० चा असला तर त्या दिवशी काय लिहिलं होतं तेच बघावं लागणार की." पट्टीच्या टोकाला बारीक अक्षरात दुरुस्तीचं साल असतं. तुकडेबंदीच्या पुस्तकात कलम ९ वर एकावर एक पट्ट्या आहेत. त्या क्रमानं उचलत गेलं की गेल्या काही वर्षांत काय काय बदललं ते एका पानावर समजतं.

त्याच पानाबद्दल सविस्तर सांगते, कारण आमच्या भागात सध्या सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच आहेत. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून विकायला त्यानं बंदी घातली. शेतीचे इतके बारीक तुकडे पडू नयेत की कसणंच परवडणार नाही, हा त्यामागचा हेतू. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे केलं. पण गावं वाढली, शहरालगतच्या शेतांत लोकांनी गुंठा-दोन गुंठे घेऊन घरं बांधली. त्यांचे व्यवहार कायद्याविरुद्ध ठरले. पैसे दिलेले, घर उभं, लाइट आलेली, आणि सातबाऱ्यावर नाव नाही, किंवा असलं तरी मालक म्हणून नव्हे, 'इतर हक्क' या रकान्यात.

२०१७ मध्ये दुरुस्ती करून अकृषिक वापराच्या अशा तुकड्यांना नियमित करण्याची वाट काढली, पण बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरायची होती. जिथं सरकारी दरानं तुकड्याची किंमत चार लाख, तिथं एक लाख रुपये. लोक आलेच नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये अध्यादेश काढून ते ५ टक्क्यांवर आणलं, म्हणजे त्याच चार लाखांवर वीस हजार. आणि नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशानं ते शुल्कच काढून टाकलं. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात त्याचं विधेयक मंजूर झालं. अध्यादेशाला पाठोपाठ विधेयक का लागतं, हे मला याच दुकानात नीट समजलं. अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत सभागृहांनी त्याला कायद्याचं रूप दिलं नाही तर अध्यादेश गळून पडतो.

पेपरात मोठ्या अक्षरांत होतं ते 'शुल्क माफ' आणि 'लाखो कुटुंबांना दिलासा'. बातमी खोटी नव्हती. पण माझ्यासमोर दोन प्रकरणं एकाच आठवड्यात आली आणि दोन्हींना वेगवेगळं उत्तर द्यावं लागलं. एक निवृत्त फौजी. २००९ साली नगरपरिषदेच्या हद्दीत दोन गुंठे घेतलेले, दस्त नोंदवलेला, घर बांधलेलं, नाव मात्र इतर हक्कात. दुसरे दोघे भाऊ नेसरीच्या बाजूचे. त्यांना आत्ता, या महिन्यात, चुलत्याच्या उसाच्या रानातला एक गुंठा घ्यायचा होता आणि इसारही ठरत आला होता.

विधेयकात दोन तारखा आहेत, १५ नोव्हेंबर १९६५ आणि १५ ऑक्टोबर २०२४. या दोन तारखांच्या मधला व्यवहार असेल, जमीन शहराच्या हद्दीत किंवा आराखड्यात रहिवासी, व्यापारी अशा अकृषिक वापरासाठी दाखवलेल्या भागात असेल, तर लाभ. फौजींचा व्यवहार या चौकटीत बसतो. भावांचा नाही. शेतीसाठीच्या जमिनीचे तुकडे पाडायला या दुरुस्तीनं मोकळीक दिलेली नाही, आणि आजच्या नव्या व्यवहारालाही त्या तारखा लागू होत नाहीत. मी पांढऱ्या मुखपृष्ठाची प्रत त्यांच्यापुढं ठेवली, तारखांखाली पेन्सिलनं रेघ मारली. थोरला भाऊ ते दोनदा वाचून म्हणाला, "म्हंजे आमचं ह्यात न्हाईच की." इसार थांबला. किती रुपये वाचले ते मला माहीत नाही, त्यांच्या घरचा हिशोब आहे तो. पण दोन घरांमधलं भांडण नक्की वाचलं.

आणखी एक गोष्ट त्या प्रतीवर सूनबाईंनी समासात लिहून दिली होती, ती मी सगळ्यांना सांगते. माफ झालं ते नियमित करण्याचं शुल्क. मुद्रांक शुल्क नव्हे. ज्यांनी त्या वेळी नुसत्या नोटरीवर जागा घेतली त्यांना आधी मुद्रांक भरून दस्त नोंदवावाच लागतो, मग पुढचं. अशी माणसं आमच्याकडे पुष्कळ आहेत. 'माफ' हा शब्द ऐकून ती मोकळ्या खिशानं येतात आणि निराश होऊन जातात. आधी कुणी सांगितलं असतं तर पैशांची सोय करून आली असती.

मुद्रांकाचा विषय निघालाच आहे तर, ऑक्टोबर २०२४ पासून अनेक दस्तांचं शंभर-दोनशे रुपयांचं मुद्रांक शुल्क ५०० झालं. तेव्हा जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रतिज्ञापत्रालाही पाचशेचा मुद्रांक लागतो असा समज सगळीकडे पसरला. शाळा-कॉलेजच्या दिवसांत मजुरी करणाऱ्या आईबापांनी पाचशे-पाचशे रुपये खर्च केले. पण सरकारी कार्यालयात द्यायच्या अशा प्रतिज्ञापत्रांना १ जुलै २००४ च्या अधिसूचनेनं आधीच माफी आहे, आणि २०२५ मध्ये महसूल मंत्र्यांनी पुन्हा तसं जाहीरही केलं. काकांनी त्या अधिसूचनेच्या झेरॉक्स काउंटरवर गठ्ठा करून ठेवल्या होत्या, फुकट. "जेवढ्या लागतील तेवढ्या न्या आणि वाटा," म्हणाले. मी गठ्ठाच आणला. साध्या कागदावर प्रतिज्ञापत्र करून त्याला ही झेरॉक्स जोडली की काम होतं. आमच्याकडची एक मुलगी नर्सिंगला लागली, तिच्या वडिलांचे एवढ्यावरच पाचशे वाचले. त्यांनी त्या पैशांत तिची प्रवासाची बॅग घेतली. मला याचा मनापासून आनंद आहे.

माझ्या कामाबाहेरचीही विधेयकं तिथं चाळायला मिळतात. बेकायदा कृत्यं करणाऱ्या संघटनांवर कारवाईसाठी आणलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकाचा संच मी तिथंच पाहिला. मूळ सादर झालेला मसुदा, संयुक्त समितीचा अहवाल आणि १० जुलै २०२५ ला विधानसभेत मंजूर झालेला मजकूर, असं एकत्र बांधलेलं. समितीकडे बारा हजारांवर सूचना आल्या होत्या. उद्देशिकेत 'व्यक्ती' हा शब्द होता तो गेला आणि कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांचा स्पष्ट उल्लेख आला, हे दोन्ही मसुदे शेजारी ठेवल्याशिवाय डोळ्यांत भरत नाही. त्या दिवशी या कायद्याच्या बाजूनं बोलणारे एक वकील आणि त्याला कडाडून विरोध करणारे एक निवृत्त प्राध्यापक, दोघांनी एकाच काउंटरवरून तोच संच घेतला. काकांनी दोघांनाही मत सांगितलं नाही. फक्त विधान परिषदेतली मंजुरी दुसऱ्या दिवशीची, ११ जुलैची, हे लिहिलंय का ते तपासून दिलं.

शक्ती विधेयक अजून पांढऱ्याच मुखपृष्ठात आहे. महिला आणि मुलांवरील अत्याचारांच्या शिक्षा कडक करणारं हे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमुखानं मंजूर केलं. राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलं आणि ती संमती आली नाही. बचत गटाच्या बायका मला आजही सांगतात, "शक्ती कायदा झालाय की आता." त्यांना मी काय उत्तर देऊ? मी तो कागद दाखवते. संमतीच्या पुढची रेघ मोकळी आहे. त्यांच्या चेहऱ्यावरचं पाहून वाईट वाटतं, पण पोलीस ठाण्यात जाऊन नसलेल्या कायद्याचं नाव घेण्यापेक्षा आज लागू असलेलं कलम माहीत असणं त्यांच्या उपयोगाचं आहे. काकांनी या पांढऱ्या प्रतीच्या आतच भारतीय न्याय संहितेतल्या महिलांविषयीच्या प्रकरणाची झेरॉक्स ठेवली आहे. १ जुलै २०२४ पासून तीच लागू आहे. विकणारा माणूस एवढा विचार करतो हे मला फार मोलाचं वाटतं.

दर वाजवी आहेत. विधेयकाच्या प्रतीला पानाप्रमाणे झेरॉक्सचे पैसे आणि शिलाईचे वर थोडे. पट्ट्या लावलेलं पुस्तक छापील किमतीपेक्षा जरा महाग पडतं, पण त्यांच्याकडूनच घेतलेलं असेल तर पुढच्या अधिवेशनानंतर नव्या पट्ट्या नुसत्या येऊन लावून घ्यायच्या, त्याचे पैसे घेत नाहीत. मी एका प्रकाशनाचं महसूल कायद्यांचं जाडजूड पुस्तक दुसरीकडून घेतलं होतं. मुखपृष्ठावर 'अद्ययावत' आणि आत २०१७ ची दुरुस्तीसुद्धा नाही. काहींत तर अजून 'मुंबई मुद्रांक अधिनियम' असंच छापतात. ते नाव महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम होऊन दशक उलटलं. गरिबाच्या जमिनीचा निर्णय ज्या पुस्तकावर होतो ते असं निष्काळजीपणे छापू नये, याबद्दल मला खरंच राग आहे.

अर्धा तारा कशासाठी कापला? महसूल, मुद्रांक, सहकार आणि घरभाडं यांचं सगळं तयार असतं. कामगार कायदे, शिक्षण, विद्यापीठं यांचं मात्र मागून घ्यावं लागतं आणि दोन-तीन दिवस थांबावं लागतं. चंदगड-आजऱ्याहून येणाऱ्या माणसाला दोनदा एसटीचं भाडं परवडत नाही. पीडीएफ ते देत नाहीत. पट्ट्यांचं काम कुणी फोटो काढून तसंच विकू नये म्हणून असेल, पण निदान विधेयकाची साधी प्रत मोबाइलवर द्यायला हरकत नसावी, ती तर सार्वजनिकच असते. दुकानाला तीन उंच पायऱ्या आहेत आणि बसायला एकच स्टूल. गुडघेदुखीच्या माणसाला बाहेरूनच हाक मारावी लागते. सूनबाई मग खाली येऊन कागद दाखवतात, पण गर्दीत ती हाक ऐकू जात नाही. एक कठडा लावला तरी पुरे होईल, हे मी त्यांना सांगितलंही आहे.

आणखी एक, काहींना हे आवडत नाही: तुमच्या प्रकरणात काय होईल ते काका सांगत नाहीत. "ते वकिलाला विचारा, मी पुस्तकवाला," एवढंच. मला ही शिस्त बरोबर वाटते. नेमकं कलम देतात, तारीख देतात, राजपत्रात कुठल्या भागात बघायचं ते सांगतात. मराठी अधिनियम भाग चारमध्ये आणि इंग्रजी अनुवाद भाग आठमध्ये असतो, हेही मला तिथंच कळलं. त्याआधी मी इंग्रजी प्रत मराठीत समजून घेण्यात उगाच वेळ घालवायची. आता पक्षकारासमोर थेट मराठी मजकूरच वाचून दाखवते.

कुणी जाणार असाल तर सातबारा आणि दस्ताची झेरॉक्स सोबत न्या. दस्ताची तारीख सांगितली की सूनबाई बरोबर ती पट्टी उचलून देतात. नुसतं 'गुंठ्याचा कायदा द्या' म्हटलं तर तीन पुस्तकं पुढ्यात येतील, कारण गुंठेवारीचा २००१ चा कायदा वेगळा, त्याची २०२१ ची दुरुस्ती वेगळी आणि तुकडेबंदी वेगळी. अधिवेशन संपल्यावर लगेच जाऊ नका, आठवडाभर थांबा, तोवर प्रती शिवून तयार होतात. दुपारी दीड ते तीन दुकान बंद असतं. कोर्टाच्या सुट्ट्यांत फक्त सकाळी उघडतं.